उसंबारातले शॅमेलियन: रस्त्याकडेच्या मोजणीवर कोटा ठरवायचा का?

कातळकडा: टांझानियाच्या पश्चिम उसंबारा डोंगरात, लुशोटो गावाच्या आसपास, किन्योंगिया मल्टिट्युबरक्युलाटा हा शॅमेलियन (रंग बदलणारा सरडा) बागांत, कुंपणाच्या झुडपांत रात्री टॉर्च मारला की सहज सापडतो. झोपलेला शॅमेलियन फिकट पडतो, त्यामुळे पानांत उठून दिसतो. 2016 मध्ये टांझानियाने जिवंत वन्यप्राण्यांची निर्यात सरसकट थांबवली. इतक्या मुबलक जातीला तरी त्यातून सूट देऊन, वर्षाला किती पकडून बाहेर पाठवायचे याचा कोटा ठरवावा, असं माझं मत.

रातवा: कोटा रस्त्याकडेच्या मोजणीवर ठरवला तर घोळ गुणाकारात होतो. समजा 200 मीटर रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या अडीच-अडीच मीटर पट्ट्यात 20 दिसले. म्हणजे 0.1 हेक्टरात 20, हेक्टरी 200. मग हाच आकडा अख्ख्या जंगलाला लावून मोकळं व्हायचं! कडेची झुडपं ठेंगणी आणि उजेडातली. त्यांच्यावरून आतल्या जंगलाचा हिशोब कसा लागणार? आणि कोटा कुठल्या नावाने देणार? 2008 पर्यंत ही जात आणि पूर्व उसंबारातल्या वोसेलेरी, मॅट्शिआय या जाती, सगळ्या 'किन्योंगिया फिशरी' या एकाच जातीत धरायचे. परवान्यावर एक नाव आणि पेटीत दुसरीच जात, असा प्रकार.

कातळकडा: नावं आता सुटी झाली आहेत. आणि आत जाऊन मोजलं तर तिथे कमीच दिसतात.

देवराई: आत कमी दिसतात, कारण मोठ्या जाती उंच फांद्यांवर झोपतात आणि खालून मारलेला टॉर्च तिथवर पोचत नाही. म्हणजे कडेचा आकडा फुगलेला, आतला खुजा, तुलनाच बाद. जंगलाची तब्येत बघायची तर ऱ्हॅम्फोलिऑन स्पायनोसस हा दुसरा शॅमेलियन धरा. बोटाएवढा जीव, नाकावर काटेरी गोंडा, रात्री जमिनीपासून हात-दोन हातांवर बारीक काटकीला धरून झोपतो. टॉर्चच्या टप्प्यात असतो आणि त्याला सावलीचं ओलं जंगलच लागतं.

रातवा: पटलं, फक्त पद्धत नीट हवी. जिच्या कडेने मोजत जायचं ती सरळ दोरी दिवसा टाका आणि किमान एक रात्र मध्ये जाऊ द्या. वाट काढताना झुडपं हलली की हे जीव खाली पडतात. पूर्ण अंधार पडल्यावर निघा, दोघांनी एकेक बाजू वाटून घ्या. प्रत्येक सरड्याची दोरीपासूनची काटकोनातली अंतरं आणि जमिनीपासूनची उंची लिहा. पाऊस नुकता थांबला असेल तर सोडून द्या, ओली पानं चकाकतात आणि निम्मे नजरेतून सुटतात. अंतरं न लिहिता नुसता आकडा आणणाऱ्यांचा तक्ता मी तरी वाचत नाही.

कातळकडा: स्पायनोसस जंगलाबद्दल सांगेल, कुंपणातल्या मल्टिट्युबरक्युलाटाबद्दल काय सांगणार? कोट्याचा प्रश्न त्याचा आहे. त्यासाठी तीच कुंपणं, त्याच दोऱ्या, दरवर्षी मोठा पावसाळा संपल्यावर, आणि त्यात पिल्लं किती हे वेगळं.

देवराई: चालेल, पण पकड सुरू व्हायच्या आधीची काही वर्षं हातात हवीत. आणि काही कुंपणं पकडीतून कायमची वगळा. नाहीतर आकडा घसरला तर पकडीने की दुष्काळाने, कसं ओळखणार?