आधी कळस की आधी पाया? गुंतलेल्या फँटसी मालिका तुम्ही कुठून धरल्या?

एका लेखकाच्या दहा, वीस, कधी चाळीस कादंबऱ्या, सगळ्या एकाच काल्पनिक विश्वातल्या, आणि एका मालिकेतली पात्रं दुसरीत डोकावणारी. असा ढीग समोर आला की सुरुवात कुठून करायची इथेच गाडं अडतं. प्रकाशनाच्या क्रमाने वाचावं, कथेतल्या काळाच्या क्रमाने, की कुणी आखून दिलेल्या तिसऱ्याच वाटेने? तुम्ही काय केलंत आणि त्यामुळे काय हाती लागलं, काय निसटलं, ते सविस्तर लिहा. नुसती यादी नको, ती कुठेही मिळते. आणि मोठी गुपितं फोडू नका. कोण मेलं हे निदान इथे वाचून कळायला नको.

सुरुवात मीच करते. नार्नियाचा सात पुस्तकांचा संच भाचीला वाचून दाखवायचा होता. तिने अर्थातच कण्यावर १ आकडा असलेलं पुस्तक पुढे केलं, 'द मॅजिशियन्स नेफ्यू'. मी ते बाजूला ठेवून २ आकड्याचं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' उघडलं. यावर रीतसर भांडण झालं. सी. एस. लुईस यांचं पहिलं आलेलं पुस्तक 'लायन'च, १९५० चं. 'नेफ्यू' १९५५ चं, सातांत सहावं. पण त्यातली कथा सगळ्यात आधी घडते, म्हणून १९९४ मध्ये हार्परकॉलिन्सने संचाचे क्रमांक कथेतल्या काळाप्रमाणे लावले. त्यांच्या बाजूने खुद्द लुईस यांचं १९५७ चं पत्र आहे. एका मुलाला काळाच्या क्रमाने वाचायचं होतं, त्याच्या आईला प्रकाशनाच्या. लुईस मुलाच्या बाजूने झुकले, पण क्रमाने कदाचित फारसं बिघडत नसेल, असंही लिहून मोकळे झाले.

मला मात्र पत्रापेक्षा पुस्तक जास्त प्रमाण वाटतं. बीव्हर पहिल्यांदा अस्लानचं नाव घेतो, तिथे निवेदक वाचकाला सांगतो की अस्लान कोण हे त्या मुलांना तुमच्याइतकंच माहीत होतं, म्हणजे अजिबात नाही. 'नेफ्यू' आधी वाचलेल्या पोराच्या बाबतीत हे वाक्य चक्क खोटं ठरतं. शिवाय तो बर्फाळ जंगलात मधोमध जळणारा दिव्याचा खांब! "मावशी, जंगलात खांब कुणी लावला?" "ते पुढे आहे." यानंतर प्रत्येक नव्या पुस्तकाच्या सुरुवातीला "यात खांबाचं आहे का?" ही चौकशी ठरलेली. 'नेफ्यू' आल्यावर ती अंथरुणात उठून बसली.

*

मावशींचं पटलं, पण प्रकाशनक्रमाची इतकी भक्ती नको. डिस्कवर्ल्ड घ्या. टेरी प्रॅचेट यांच्या ४१ कादंबऱ्या, १९८३ ते २०१५. पहिली 'द कलर ऑफ मॅजिक' म्हणजे जुन्या तलवारी-जादूवाल्या गोष्टींची भरपूर टिंगल. मजा आहे, पण ज्यांची टिंगल चाललीय ती पुस्तकं वाचलेली नसतील तर अर्धे विनोद डोक्यावरून जातात. त्या एका पुस्तकावर प्रॅचेट सोडून दिलेले तीन जण माझ्याच ओळखीत आहेत.

मी नव्या माणसाला 'गार्ड्स! गार्ड्स!' देतो, १९८९ चं, आठवं. सुरुवातीलाच शहराच्या रात्रपाळीच्या पहाऱ्याचा कॅप्टन व्हाइम्स दारू पिऊन भर पावसात गटारात पडलेला आहे. या माणसाचं पुढे काय होतं हे पाहायला पहारेकऱ्यांची मालिका ओळीने वाचावी लागते. 'नाईट वॉच' (२००२) हे अनेकांच्या मते प्रॅचेट यांचं सर्वोत्तम पुस्तक, आणि म्हणूनच उत्साही मित्र तेच आधी हातात कोंबतात. असं करू नका. त्यात व्हाइम्स जे गमवायच्या बेतात आहे, ते त्याने कसं कमावलं हे ठाऊक नसेल तर ती एक बरी थरारकथा उरते, बस. चेटकिणी, मृत्यू, पहारेकरी, कुठलाही एक धागा पकडा. धाग्याच्या आत क्रम पाळा, बाहेर नाही.

*

डिस्कवर्ल्ड पहिल्यापासून सलग वाचलेली मी एक. लेखक पुस्तकागणिक सुधारत जातो, हे बघण्याचं सुख मधूनच शिरणाऱ्यांना मिळत नाही. एवढंच नोंदवते.

*

माझी हकीकत वेगळी. मी 'विचर' या व्हिडिओ गेममधून त्याच्या मूळ पुस्तकांकडे आलो आणि इंग्रजीत जशी येत गेली तशी वाचली. 'द लास्ट विश' २००७ मध्ये आलं, 'ब्लड ऑफ एल्व्ह्ज' २००८ मध्ये. दुसरं उघडल्यावर पानापानावर वाटायचं की मधलं काहीतरी गाळलंय. नायक गेराल्ट आणि सिरी ही मुलगी यांच्यात एवढा जिव्हाळा कुठून आला? ते भेटले कधी? गाळलेलं खरंच होतं! त्यांची भेट 'सोर्ड ऑफ डेस्टिनी' या कथासंग्रहात आहे. मूळ पोलिशमध्ये तो १९९२ चा, म्हणजे 'ब्लड ऑफ एल्व्ह्ज'च्या दोन वर्षं आधीचा. इंग्रजीत मात्र तो २०१५ मध्ये आला, तोवर तीन कादंबऱ्या येऊन गेल्या होत्या.

तेव्हा 'प्रकाशनक्रम' म्हणताना कुठल्या भाषेतला, हे आधी विचारा. आता सगळं उपलब्ध आहे, तर दोन्ही कथासंग्रह आधी, मग पाच कादंबऱ्यांची मालिका. 'सीझन ऑफ स्टॉर्म्स' (२०१३) काळाच्या हिशेबाने मागचं असलं तरी शेवटी.

*

ब्रँडन सँडरसन यांचं कॉस्मिअर कुणी अजून काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. ग्रह वेगळे, जादूचे नियम वेगळे, मालिका वेगळ्या, पण विश्व एकच. आणि हॉइड नावाचा एक इसम जवळजवळ प्रत्येक पुस्तकात या ना त्या वेषात हजेरी लावून जातो. पहिल्या वाचनात तो नुसता भिकारी किंवा गोष्टी सांगणारा वाटतो, आणि तसाच वाटू द्यावा.

सँडरसनच्या चाहत्याला "कुठून सुरू करू?" विचारलंत की तो तक्ता काढतो. माझं मत थोडक्यात: मिस्टबॉर्नची पहिली त्रयी (२००६ पासून) घ्या, आवडली तर पुढे जा. तक्ता नंतर. फक्त एक जागा अशी आहे जिथे मी हट्ट धरते. 'वॉरब्रेकर' (२००९) हे स्टॉर्मलाइट मालिकेतल्या 'वर्ड्स ऑफ रेडियन्स' (२०१४) च्या आधी वाचाच. वरवर दोघांचा काही संबंध नाही. सँडरसननी 'वॉरब्रेकर' आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवलं होतं, तरी स्टॉर्मलाइट वाचणारे कितीतरी जण त्याला वळसा घालून जातात. मग 'वर्ड्स ऑफ रेडियन्स'च्या अगदी शेवटी एक तलवार येते. ज्याने 'वॉरब्रेकर' वाचलंय तो त्या ओळीवर किंचाळतो, ज्याने नाही तो "बरं" म्हणून पान उलटतो. मी किंचाळले. शेजारी बसलेल्या नवऱ्याने फक्त "तलवार का?" एवढंच विचारलं. त्याने आधीच वाचलं होतं आणि मेला चार महिने तोंड शिवून बसला होता.

'मिस्टबॉर्न: सीक्रेट हिस्टरी' (२०१६) पानांनी लहान म्हणून आधी उरकू नका, पहिल्या त्रयीची सगळी गुपितं त्यात उघडी आहेत. ती मिस्टबॉर्नच्याच पुढच्या 'बँड्स ऑफ मोर्निंग'नंतर.

*

रॉबिन हॉब. सोळा कादंबऱ्या, १९९५ ते २०१७, पाच उपमालिका. पहिल्या त्रयीत फिट्झ जीव लावतो, आणि दुसऱ्या त्रयीत, जहाजांच्या, तो नाहीच! समुद्र, व्यापारी घराणी, बोलणारी जहाजं. आमच्या वाचनगटात निम्म्या लोकांनी ती सरळ ओलांडली आणि फिट्झच्या पुढच्या त्रयीत उडी घेतली. कथा कळते, अडत नाही. पण त्या त्रयीत दक्षिणेकडून पाहुणे येतात तेव्हा गटातले आम्ही निम्मे एकमेकांकडे बघून हसत होतो आणि बाकीच्यांना हे का हसतायत कळेना. शेवटच्या पुस्तकात तर जहाजं न वाचलेल्यांचं फारच नुकसान आहे. मालिकेत आवडतं पात्र नाही म्हणून मालिका ओलांडू नये, निदान हॉबबाईंची तरी.

*

व्हील ऑफ टाइम: 'न्यू स्प्रिंग' काळाने सगळ्यात आधीचं, आलं दहाव्या खंडानंतर, २००४ मध्ये. दहाव्यानंतरच वाचा. संपलं.

*

सगळ्यांची शिस्त बघून दडपण आलं! मी हाताला लागेल तो खंड वाचणाऱ्यांपैकी. वाचनालयात तिसरा असेल तर तिसरा. कोण कुणाचा शत्रू हे स्वतः जुळवत बसायला मला आवडतं, आणि पहिला खंड मिळतो तेव्हा आपल्याला सगळ्यांचं भविष्य ठाऊक असतं. ती गंमत तुमच्या तक्त्यात बसत नाही. गुपित फुटलं की पुस्तक संपलं, असं ज्यांना वाटतं ते पुस्तकं दुसऱ्यांदा का वाचतात?

*

हाताला लागेल तो खंड वाचणाऱ्यांसाठी एक भर. टॉल्किन यांचं 'द हॉबिट' १९३७ चं. त्या पहिल्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून लावतो, हरल्यावर ती सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि नायक बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची अंगठी अशी बक्षिसात देण्यासारखी वस्तू राहिली नाही, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. जुनी हकीकत म्हणजे बिल्बोची थाप, असा खुलासाही त्यांनी पुढच्या पुस्तकात करून टाकला. म्हणजे आज आपण जे 'आधीचं' पुस्तक वाचतो, त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण नंतरच्या पुस्तकासाठी लिहिलेलं आहे. कळस आधी की पाया, ते तुम्हीच ठरवा. 'सिल्मरिलियन' (१९७७) ने मात्र कुणीही सुरुवात करू नये, तुम्हीसुद्धा.

*

उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसीबद्दल. पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२, चौथं 'तेहानू' थेट १९९० मध्ये. पहिल्या तीनांवर वाढलेल्या वाचकांना मधे अठरा वर्षं मिळाली. 'तेहानू'मध्ये जादू जवळपास नाही. मध्यमवयीन बाई, भाजलेली मुलगी, शक्ती गमावलेला पुरुष, घरकाम. चारही पुस्तकं एका सुट्टीत वाचणाऱ्या माझ्या मुलाला ते रटाळ वाटलं, आणि त्याचं वय पाहता मला नवल नाही वाटलं. क्रम सरळ आहे, पण तिसऱ्यानंतर थांबा. पुढे 'टेल्स फ्रॉम अर्थसी' आधी आणि 'द अदर विंड' शेवटी. दोन्ही २००१ ची, पण संग्रहातली 'ड्रॅगनफ्लाय' ही कथा वाचल्याशिवाय शेवटचं पुस्तक अर्धवट लागतं.

*

मलाझान सुरू करतोय. दोन लेखक, दोन मालिका. मिसळून वाचू की वेगवेगळ्या? कुणी सांगेल का?

*

आधी एरिक्सन यांचे दहा खंड (१९९९ ते २०११) सलग घ्या. एसलमाँट नंतर. मिसळून वाचायचा तक्ता आहे, पण तो दुसऱ्या वाचनाचा. पहिल्या खंडात काही कळणार नाही, ते तसंच आहे. दुसऱ्यात माणसं आणि भूखंड दोन्ही बदलतात, तिसरा पुन्हा पहिल्या ठिकाणी येतो आणि साधारण दुसऱ्याच्याच काळात घडतो. पाचव्यात तर जवळपास सगळेच नवे. तिथे पुस्तक बदलून आलंय असं वाटेल. बरोबर पुस्तकच आहे, वाचत राहा.