संकटात विश्वासाचं काय झालं? ठाणे–नवी मुंबईतल्या ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी अनुभव धागा

गेल्या महिन्यात कळव्याला एका ताईंच्या दोन खोल्यांच्या घरात आमच्या मंडळीची घरसभा होती. नेहमीप्रमाणे साक्षीची, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची वेळ आली. एकाने नोकरी लागल्याचं सांगितलं, एकीने ऑपरेशन नीट पार पडल्याचं. सगळ्यांनी प्रभूची स्तुती केली. मग दाराजवळ बसलेल्या एक मावशी उठल्या, "माझी साक्ष अजून अर्धीच आहे," एवढंच म्हणाल्या आणि परत खाली बसल्या. कुणालाच काही सुचेना. शेवटी पाळकसाहेबांनी पुढचं गीत धरलं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. आपण साक्ष देतो ती संकट टळल्यावर. मधल्या दिवसांत काय झालं, ते कुणी उभं राहून सांगत नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचे ४२ अध्याय आहेत. संकट पहिल्या दोन अध्यायांत कोसळतं आणि गेलेलं परत मिळतं ते शेवटच्या अध्यायात. मधलं जवळजवळ सगळं पुस्तक म्हणजे वाद, तक्रार आणि देवाला विचारलेला जाब. संडे स्कूलमध्ये आपल्याला पुढचं आणि मागचं शिकवलं, मधलं राहून गेलं.

म्हणून हा धागा. मधलं लिहा. कॅथलिक असा, प्रोटेस्टंट असा, कुठल्याही मंडळीचे असा. विनंती एकच आहे: दुसऱ्याच्या दुःखाखाली "प्रभूची काहीतरी योजना असेल" असं लिहू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्या शेजारी जमिनीवर गप्प बसून होते. तेवढे दिवस त्यांनी खरी सोबत केली.

सुरुवात मी करते. माझं दुसरं बाळ सातव्या महिन्यात गेलं. त्याच वर्षी उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत प्रभू येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथा वाचायची पाळी माझ्यावर आली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? नको म्हणणार होते, पण वाचलं. आणि वाचताना एक गोष्ट पहिल्यांदा मनाला भिडली. हे शब्द स्तोत्र २२ च्या सुरुवातीचे आहेत. म्हणजे त्या घटकेला प्रभूलासुद्धा कुणीतरी आधी रडून ठेवलेले शब्द लागले. मग माझ्याकडे स्वतःचे शब्द नव्हते, यात लाजण्यासारखं काय होतं? त्यानंतर वर्षभर मी स्वतःच्या शब्दांत एकही प्रार्थना केली नाही. नुसती स्तोत्रं वाचत राहिले.

आता तुम्ही.

खारघरहून, दोन मुलांची आई

ताई, धागा वाचून दोन दिवस विचार केला, मग लिहायला बसले.

आम्ही मूळचे नगरचे. आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे विश्वास आम्हाला घरातल्या भांड्याकुंड्यांसारखा वारशाने मिळाला. धाकटा पाच वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. या उपचाराला अडीच-तीन वर्षं लागतात, हे तेव्हा कळलं. आधी जोराची केमो, पाठीत सुया, मग मेंटेनन्सच्या गोळ्या. रक्तातल्या पेशींचे काउंट खाली गेले की घरात कुणाला येऊ द्यायचं नाही. ताप शंभरच्या वर गेला की रात्री दोन वाजताही निघायचं. पिशवी कायम दाराशी भरलेली.

सासूबाई रोज स्तोत्र २३ म्हणायच्या. मला ते म्हणवेना. "मला काही उणे पडणार नाही" हे वाक्य तोंडातून निघत नव्हतं, कारण उणं पडत होतं. प्लेटलेट उणे पडत होते. मी स्तोत्रं चाळत बसायचे आणि ८८ व्या स्तोत्रावर येऊन थांबायचे. बाकी रडगाण्यांच्या शेवटी कुठेतरी आशेची ओळ असते. हे मात्र अंधारातच संपतं. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलं आहे आणि कुणी ते काढून टाकलं नाही, याचाच मला आधार वाटला.

शेजारच्या खाटेवर बुलढाण्याकडची एक मुलगी होती, सात वर्षांची. तिच्या आईच्या उशाखाली शेगावच्या महाराजांचा फोटो असायचा. आम्ही दोघी एकाच डब्यातून जेवायचो. एकदा रात्री ती मला म्हणाली, "ताई, तुमच्या येशूलाबी सांगा ना हिच्यासाठी." मी सांगितलं. अगदी माझ्या लेकरासाठी सांगत होते तितक्याच कळवळ्याने सांगितलं. दोन्ही नावं एका श्वासात घेत होते.

माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. तिची मुलगी त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेली.

लोक मला साक्ष द्यायला बोलावतात. "प्रभूने तुमची प्रार्थना ऐकली," म्हणतात. मी जात नाही. माझी ऐकली म्हटलं, तर तिच्यासाठी केलेली प्रार्थनाही माझीच होती. ती कुठे गेली? याचं उत्तर आठ वर्षांत मिळालेलं नाही. तरी मी रोज प्रार्थना करते, आणि खरं सांगते, आधीपेक्षा जास्त करते. आधी मी देवाशी बोलायचे ते एखाद्या अर्जावर सही घ्यायला गेल्यासारखं. आता बोलते ते ज्याच्याशी माझं काही राहून गेलं आहे, अशा माणसाशी बोलावं तसं. तुटत नाही ते. तुटेल असं वाटलं होतं.

कोपरखैरणेहून, आता रात्रपाळीचा वॉचमन

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं होतो. २०१९ मध्ये तो बंद पडला. हिशेब अर्धाच मिळाला. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा हातात काहीच नव्हतं.

मी आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चमध्ये, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत बरीच वर्षं होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, १८३३ मध्ये पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे काम आहे. दोघादोघांनी गरजू घरी जायचं, नुसती मदत टाकून यायची नाही, बसायचं, बोलायचं. मी शेकडो घरी गेलो असेन.

त्या जूनमध्ये माझ्याच दारावर टकटक झाली. माझ्याबरोबर फिरणारे दोघे उभे होते, तोंडाला मास्क. पाणी प्यायले, मुलांची चौकशी केली, पिशवीचं नाव काढलं नाही. जाताना ती खुर्चीच्या मागे ठेवून गेले. आत काय आहे ते मला न बघता माहीत होतं, कारण ती यादी मीच केलेली होती. पाच किलो तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, साखर, चहापत्ती, दोन साबण. बायकोने डाळ डब्यात ओतली. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

मत्तयाच्या २५ व्या अध्यायात प्रभू म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं. ते वाचताना मी आयुष्यभर स्वतःला देणाऱ्याच्या जागी धरलं होतं. त्या दिवशी भुकेल्याच्या जागी मी होतो, आणि प्रभू तर त्या जागेला "मी" म्हणतो. इतक्या जवळ मी देताना कधी गेलो नव्हतो.

आता पुन्हा जातो, दर पंधरा दिवसांनी. पिशवी खुर्चीच्या मागेच ठेवतो.

ऐरोलीहून, परिचारिका

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडते. संकट आलं की "देव परीक्षा घेतो" असं आपल्याकडे म्हणतात, ते मला पटत नाही. वीस वर्षं आयसीयूत काम केलं आहे. कुणाचा विश्वास पक्का करायला देव लहान पोराच्या फुप्फुसात पाणी भरतो असं म्हणणाऱ्याला मी वॉर्डाच्या बाहेर पाठवीन. माझा विश्वास वाढला तो इतकाच, की ज्या खोलीत कुणी थांबायला तयार नसतं तिथे तो थांबतो. हे मी पाहिलं आहे. कधी तो नातेवाइकाच्या रूपात थांबतो, कधी मध्यरात्री पेशंटचे पाय चेपणाऱ्या मावशींच्या रूपात.

ठाण्यातून, एका मंडळीचा पाळक

भगिनी, तुमचा राग मला शास्त्राला धरूनच वाटतो. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात, परीक्षांना आनंद माना म्हटल्यावर थोड्याच ओळींनी तो बजावतो, की मला देवाने मोहात घातलं असं कुणी म्हणू नये. मूळ ग्रीकमध्ये संकट, परीक्षा आणि मोह या तिन्ही अर्थांना एकच शब्द येतो, आणि आपला अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पेत्र त्याच्या पत्रात विश्वासाला अग्नीत पारखलेल्या सोन्याची उपमा देतो. त्या ठिकाणी मी आता एवढंच म्हणतो, की आग कुणी लावली ते पेत्र तिथे सांगत नाही. पूर्वी मी स्मशानभूमीत याहून फार जास्त बोलायचो. ज्यांना ते ऐकावं लागलं त्यांची मी क्षमा मागतो.

दिव्याहून

मी अजून मधेच आहे. मुलगा बोलत नाही, घर विकलं. विश्वास वाढला वगैरे नाही. रविवारी जातो, शेवटच्या बाकावर बसतो, आशीर्वादाच्या आधी निघतो.

(धागाकर्ती: दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. याहून जास्त काही लिहायची गरज नाही.)

कोलबाडहून, निवृत्त इतिहास शिक्षक

माझी पत्नी एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेली. चर्च तेव्हा पुन्हा बंद झाली होती. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आम्ही सातच होतो. चाळीस वर्षं जिने मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बाप्टिस्टमध्ये वेदीवरची फुलं लावली, तिच्यासाठीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मी मोबाइलवर पाहिली. मधेच नेट गेलं.

इतिहास शिकवत असल्यामुळे ठाण्याचे चार हुतात्मे मला पाठ होते. १३२१ साल. थॉमस, जेम्स, पीटर आणि डिमेट्रियस हे चार फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू. चीनला निघालेले, पण ठाण्यात उतरावं लागलं. इथल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले. त्या घरात नवऱ्याने बायकोला मारलं, तिने काजीकडे दाद मागितली आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांचं नाव घेतलं. तिथून प्रकरण धर्मावर गेलं आणि एप्रिलमध्ये चौघे मारले गेले. मुलांना हे शिकवताना मी त्या चौघांवरच थांबायचो.

पत्नी गेल्यावर मला पाचवा आठवू लागला. त्यांच्याबरोबर जॉर्डनस नावाचा, डॉमिनिकन या दुसऱ्या संघाचा धर्मबंधू होता. तो त्या वेळी सोपाऱ्याच्या (आजच्या नालासोपाऱ्याच्या) बाजूला गेलेला होता, म्हणून वाचला. परतला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याने चौघांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. आणि तो मायदेशी पळाला नाही. याच किनाऱ्यावर एकटा राहिला, काम करत राहिला. त्याची पत्रं उरली आहेत, आणि त्यांत मागे राहिल्याचं दुःख त्याने लपवलेलं नाही.

हुतात्म्यांचे सण असतात. मागे उरलेल्याचा नसतो. त्याला सकाळी उठून दात घासायचे असतात, एकट्यापुरता भात लावायचा असतो. मी अजून दोघांचाच लावतो, उरलेला संध्याकाळी खातो. ७ ऑक्टोबर २०२१ ला प्रार्थनास्थळं उघडली, त्यानंतरच्या रविवारी मी गेलो. वेदीवर फुलं नव्हती. पुढच्या शनिवारी जांभळी नाक्यावरून निशिगंध घेतला आणि स्वतः लावला. वाकडा लागला होता. फादर काही बोलले नाहीत. तेव्हापासून दर शनिवारी जातो.

कळव्याहून, सहा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली

माझा निर्णय माझा होता, पण त्याची किंमत आईनेही भरली. भाऊ बोलेनासा झाला. पहिली तीन वर्षं राखी पोस्टाने पाठवली, परत आली. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या होत्या, आणि पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःही घेतला, हे मला मंडळीत धीर द्यायला सांगतात. पण माझा भाऊ ख्रिस्ती व्हावा म्हणून मी थांबलेली नाही. त्याने घरी येऊन चहा प्यावा म्हणून थांबले आहे. गेल्या वर्षी राखी परत आली नाही.

खारघरहून, दोन मुलांची आई (पुन्हा)

कोलबाडच्या काकांचं वाचून आणखी थोडं लिहिते. त्या बुलढाण्याच्या ताईंशी माझं बोलणं अजून आहे. पहिली दोन वर्षं मला फोन करायचा धीर होत नव्हता, माझा मुलगा जिवंत आहे याचीच लाज वाटायची. एकदा तिनेच केला. "पोरगं कसं हाय?" हाच पहिला प्रश्न.

परवा पुन्हा आला. म्हणाली, "शेगावला निघाले, तुमच्या लेकराचं नाव घेते तिथं." मी म्हटलं, घ्या ताई. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या आधी सगळे डोके खाली घालून शांत बसतात, तेव्हा मी तिच्या मुलीचं नाव घेते. हे मी तिला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पूर्ण नाव घेता का? तिला पूर्ण नाव घेतलेलं आवडायचं."

तिचं पूर्ण नाव मला माहीतच नव्हतं. ते तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं.