मदत हवी आहे: इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाचा सीडीआर (सोलापूर)

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ मेकॅनिकल इंजिनिअर आहे, जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात नोकरीला. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी आधी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडून डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यायचंय. भारत 2014 साली वॉशिंग्टन अकॉर्डचा (एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानण्याचा करार) पूर्ण सदस्य झाला, पण त्याची डिग्री त्याआधीची. म्हणजे सीडीआरच (कॉम्पिटन्सी डेमॉन्स्ट्रेशन रिपोर्ट, स्वतःच्या कामाचा अहवाल) करावा लागणार: तीन करिअर एपिसोड (केलेल्या कामांची वर्णनं) आणि समरी स्टेटमेंट (त्यांचा गोषवारा).

खरं अडतंय ते लिहिण्यात. बगॅस (उसाचं चिपाड) वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरची चेन ऐन गळीत हंगामात तुटायची. त्यानं चेनवरच्या लोडचा हिशोब काढून स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलायला लावलं, तेव्हा कुठे थांबलं. काम शंभर टक्के त्याचं, पण लिहिताना सगळीकडे 'आम्ही केलं'. तिथे तर 'मी काय केलं' हेच बघतात. कुणी साखर किंवा पॉवर प्लांटच्या कामावर एपिसोड लिहिलाय का? हिशोब, ड्रॉइंग कितपत दाखवायचं? तयार सीडीआर विकणारे खूप भेटतात, पण नक्कल सापडली तर बंदी येते. त्या वाटेला त्याला मी जाऊ देणार नाही.

दुसरं, डिग्रीवर नुसतं 'सोलापूर विद्यापीठ' आहे. आता ट्रान्सक्रिप्ट पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या नावानं येईल. त्यासाठी वेगळं पत्र जोडावं लागलं का कुणाला?

कारखान्याचा दाखलाही एका ओळीचा मिळालाय. कामाचं स्वरूप लेटरहेडवर कसं लिहून घेतलंत, तेवढं सांगा.