मदत हवी आहे: काकांच्या टेस्टा रोसा मॉडेल गाडीला फोड आलेत, कीड की ओल?

नमस्कार मंडळी,

माझे काका मर्चंट नेव्हीत होते. १९८९ साली जेनोवाहून येताना त्यांनी बुरागो या इटालियन कंपनीची १:१८ मापाची (खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढी) धातूची लाल फेरारी २५० टेस्टा रोसा आणली. पुढच्या चाकांमागे गाल आत गेल्यासारखा खोलगट आकार असलेली, १९५७ची. (खऱ्या गाडीत ड्रम ब्रेकला वारा लागावा म्हणून तो आकार दिला होता.) लहानपणी हात लावायची परवानगी नव्हती. काका गेल्यावर ती माझ्याकडे आली.

मुक्काम चिपळूण, म्हणजे पावसाळ्यात कपाटातली चप्पलसुद्धा हिरवी होते. परवा गाडी काढली तर बॉनेटवर आणि डाव्या दारापाशी मोहरीएवढे सात-आठ फोड. शिवाय टायर लाकडी रंगाच्या प्लॅस्टिक बैठकीला चिकटलेत.

तळाला 'मेड इन इटली' आहे. बुरागो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नाव हाँगकाँगच्या मे चाँग कंपनीकडे गेलं, त्यामुळे आता मिळणारी गाडी इटलीची नव्हे. सीएमसी या दुसऱ्या मॉडेल कंपनीची तारांच्या चाकांची गाडी घे असं मित्र म्हणतो, पण त्या पैशात सेकंडहँड स्कूटर येईल. आणि ती काकांची नसेल.

रंग काढून पुन्हा मारू का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: जुनाटायर
थांबा, रंगाला हात लावू नका! आधी दारं आणि बॉनेट बघा. या गाड्यांच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिसं राहून गेलं असेल तर धातू आतून फुगतो, दारं अडकतात, बारीक भेगा पडतात. हीच ती कीड. त्याला औषध नाही. पण झाकणं सहज लागत असतील तर एकच फोड टूथपिकने उकलून बघा. खाली धातू अखंड, नुसती पांढरी भुकटी असेल तर ओल शिरली आहे.

टायर ओढू नका. रबरासारख्या त्या प्लॅस्टिकमधला मऊपणाचा द्रव बाहेर येऊन बैठक विरघळवतो. दाढीच्या ब्लेडने हळू सोडवा. पुढे अ‍ॅक्सलखाली ठोकळे ठेवून चाकं अधांतरी ठेवा.

प्रतिसाद: घाटातला_ड्रायव्हर
ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण दर पावसाळ्यात बदला. माझी फेरारी २५० जीटीओ (तीही मॉडेलच) बंद काचपेटीतच खराब झाली, पुड्या चार वर्षं जुन्या होत्या.

धागाकर्ता
दोन्ही दारं बिनबोभाट लागतात. फोडाखाली पांढरी भुकटी, धातूला भेग नाही. टायर सुटले, बैठकीवर चार खड्डे राहिले. रंग तसाच ठेवतोय. आता उकललेल्या जागेवर काय लावू, एवढंच सांगा.

प्रतिसाद: जुनाटायर
भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, पारदर्शक वार्निशचा एक थेंब. काडीच्या टोकाने, ब्रशने नको.