रंगपटाचे दार प्रेक्षकांसाठी बंद करावे का?

तिसरी घंटा

गेल्या आठवड्यात नाट्यप्रेमींच्या एका गटावर कोणीतरी लिहिले की, पडदा पडल्यावर रंगपटाकडे, म्हणजे नट रंगतात-कपडे बदलतात त्या खोलीकडे, धावणाऱ्या प्रेक्षकांचे प्रेम नाटकावर नसून मालिकांमुळे घरोघरी पोहोचलेल्या चेहऱ्यांवर असते, म्हणून त्यांना विंगेच्या दाराशीच अडवावे आणि ज्याला दाद द्यायची असेल त्याने ती टाळ्यांतून देऊन घरचा रस्ता धरावा. या लिखाणाला पुष्कळांनी मान डोलावली. मला मात्र त्याचा इतका राग आला की दोन दिवस थांबूनही तो ओसरला नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

माझे वडील गिरणीत होते. महिन्याला एक नाटक, तेही शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाल्कनीतून, एवढीच आमची चैन होती. मी नऊ वर्षांचा असताना एका प्रयोगानंतर वडील मला हाताला धरून खाली घेऊन गेले. ज्या नटाने अडीच तास म्हाताऱ्याचे काम केले होते, तो आरशासमोर बसून खोबरेल तेलाने रंग उतरवत होता. डाव्या गालावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या आणि उजव्या गालावरच्या तशाच होत्या. माझ्याजवळ सहीची वही नव्हती, गणिताची होती. त्याने तेलकट बोटांनी तीच घेतली आणि भागाकाराच्या उदाहरणाखाली सही केली. कागदावर पडलेला तो तेलाचा डाग आजही आहे. त्या रात्री ते दार बंद असते, तर पुढची चाळीस वर्षे मी तिकीटबारीवर रांगेत उभा राहिलो असतो की नाही, हे मला सांगता येत नाही.

प्रशांत दामले यांचा १२,५०० वा प्रयोग ६ नोव्हेंबर २०२२ रोजी षण्मुखानंद सभागृहात झाला. प्रत्येक प्रयोगानंतर दहाच माणसे भेटायला गेली असे धरले, तरी एका नटाच्या कारकिर्दीत सव्वा लाख माणसे होतात. या सगळ्यांना मालिकावेडे ठरवून मोकळे होणे हा मराठी प्रेक्षकाचा अपमान आहे.

नेपथ्यामागे

मी बावीस वर्षे बॅकस्टेजला काम करतो आहे आणि दार कायमचे बंद करावे, असेच माझे म्हणणे आहे. आपली आठवण वाचून बरे वाटले, पण त्या खोलीत आपण दोन मिनिटे होता आणि मी रोज असतो, म्हणून जरा ऐकून घ्या.

पडदा पडला की आमचे खरे काम सुरू होते. ठरलेल्या वेळेत नाट्यगृह रिकामे करून द्यायचे असते. फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातल्या भिंतींच्या चौकटी, सुटे करायचे, लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे उंचवटे, उचलायच्या, दिवे उतरवायचे, कपडेपट आवरायचा आणि सगळे टेम्पोत भरून दुसऱ्या दिवशीच्या गावाला निघायचे असते. नेमके त्याच वेळी पन्नास माणसे विंगेत उभी असतात, त्यातली काही आमच्या सोफ्यावर बसून फोटो काढत असतात. मागच्या वर्षी एका बाईंचा पदर फ्लॅटच्या खिळ्यात अडकला, त्या पुढे गेल्या आणि अख्खा फ्लॅट एका वृद्ध गृहस्थांच्या खांद्यावर आला. आमच्या बॅकस्टेजच्या एका मुलाने तो हाताने अडवला म्हणून निभावले, पण त्याच्या मनगटाला टाके पडले.

स्त्री कलाकारांबद्दल तर कोणी बोलतच नाही. नऊवारीच्या टाचण्या काढत असलेल्या बाईच्या खोलीचे दार न वाजवता उघडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते अशिक्षित नव्हते. मुलीच्या मृत्यूचे दुःख गिळून बालगंधर्वांनी १९११ मध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला, ही गोष्ट आपण सगळे अभिमानाने सांगतो. मग आजच्या नटाचे वडील रुग्णालयात असतील, त्याला पडदा पडताक्षणी फोन करायचा असेल, हा विचार सहीची वही पुढे करताना कोणाच्या मनात का येत नाही?

पहिली रांग

दोन्ही बाजू वाचल्या. माझे दुखणे वेगळे आहे. रंगपटात जाणारे शंभरातले नव्वद लोक तिथे खोटे बोलतात. नाटक रटाळ झालेले असते, दुसरा अंक लांबलेला असतो, तरी ‘छान झालं हं, मजा आली’ असे म्हणून हात जोडतात आणि बाहेर वडापाव खाताना त्याच नाटकाची सालं काढतात. मी आत जातो तो खरे सांगायला. दोन महिन्यांपूर्वी एका अभिनेत्रीला मी सांगितले की, दुसऱ्या अंकातल्या तुमच्या लांब स्वगताचा शेवट बाल्कनीत मुळीच ऐकू आला नाही, आणि तोच नाटकाचा कणा आहे. त्या ‘बरं’ एवढेच म्हणाल्या आणि आरशाकडे वळल्या. मला त्याचे वाईट वाटत नाही. तिकिटाचे पैसे देणाऱ्याला एवढा अधिकार आहे.

माहेर सांगली

अधिकार कसला? अडीच तास जीव ओतून घामाने भिजलेल्या बाईला, तोंडावरचा रंगही उतरला नसताना, तिच्या कामातली उणीव ऐकवायची, याला आमच्याकडे उद्धटपणा म्हणतात.

मी एके काळी राज्य नाट्य स्पर्धेत काम करत असे. प्रयोग संपल्यावर एक प्रतिष्ठित गृहस्थ आत आले, माझ्या आईसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘तुम्ही रडता तेव्हा आम्हाला हसू येतं, जरा लक्ष द्या.’ त्यांच्या दृष्टीने तो प्रामाणिक सल्ला होता. त्यांचे म्हणणे बरोबरही असेल. पण मी त्यानंतर रंगमंचावर पाऊल ठेवले नाही, आणि या गोष्टीला आता एकवीस वर्षे झाली. आपण स्वतःला खरे बोलणारे समजता. आपण आत येऊन नेमके काय करून जाता, हे आपल्याला कधी कळत नाही, कारण आपण तोवर रिक्षात बसलेले असता.

पहिली रांग

आपल्या बाबतीत घडले ते वाईटच होते आणि त्या गृहस्थांची भाषा मला मान्य नाही. परंतु एका दुखावलेल्या आठवणीवरून सगळ्या प्रेक्षकांनी तोंडाला कुलूप लावावे, हे मी ऐकणार नाही. नव्या नाटकाच्या पहिल्या पंधरा-वीस प्रयोगांत दिग्दर्शक दहा-दहा मिनिटे कापतात, प्रवेशांची उलटापालट करतात, ते कोणाच्या सांगण्यावरून? चित्रपट एकदा तयार झाला की झाला, नाटक उद्या सुधारू शकते. मग प्रेक्षकाने आज बोलायला नको का? सगळेच ‘छान झालं’ म्हणू लागले तर त्या शब्दांना किंमत काय राहिली? आणि मग ‘तिसरी घंटा’ यांनी ज्या भेटीचे एवढे गुणगान केले आहे, ती भेट तरी कशासाठी?

तिसरी घंटा

माझे नाव घेतले म्हणून सांगतो. माझ्या वडिलांनी त्या रात्री नटाला ‘छान झालं’ म्हटले नव्हते. ते म्हणाले, ‘माझे वडील असेच खोकत असत.’ नटाने तेल लावायचा हात थांबवला आणि विचारले, ‘बसून की उभ्यानं?’ वडिलांनी खोकून दाखवले. ही दाद होती की सूचना, ते मला ठरवता येत नाही. परंतु तुमचे खरे आणि लोकांचे खोटे या दोहोंखेरीजही बोलण्यासारखे पुष्कळ असते.

माहेर सांगली

हे असे कोणी मला म्हणाले असते, तर मी आजही काम करत असते.

नेपथ्यामागे

खरे-खोटे यावरून भांडण पेटले आहे, म्हणून ‘पहिली रांग’ यांना एक धंद्यातली गोष्ट सांगतो. काही नाट्यगृहांत बाल्कनीच्या छताखालच्या मागच्या रांगांत आवाज नीट पोहोचत नाही. समोर फूटमाइक लावले तरी नट मागे खिडकीशी गेला की शेवटचे शब्द गिळले जातात. त्या बाईंना खिडकीशी उभे राहायला दिग्दर्शकाने सांगितलेले असते आणि खिडकी तिथे नेपथ्यकाराने ठेवलेली असते. तुम्ही जाऊन जिच्या हातात काहीच नाही तिलाच सुनावले. तेच तुम्ही दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाला फोन करून सांगितले असते, तर पुढच्या प्रयोगाला आम्ही एक माइक वाढवून पाहिला असता.

पहिली रांग

ही माहिती मला नव्हती. तेवढ्यापुरते मी शब्द मागे घेतो. बोलण्याचा हक्क मात्र मागे घेत नाही.

जर्सीकर

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाट्यगृहांत प्रेक्षकाला रंगपटात प्रवेशच नसतो. गल्लीतल्या मागच्या दाराशी लोखंडी कठडे लावलेले असतात, लोक कार्यक्रमपत्रिका घेऊन थंडीत उभे राहतात, ज्या नटाला यायचे असेल तो येतो, रांगेतून सह्या करत जातो आणि गाडीत बसतो. आला नाही तर कोणी बोल लावत नाही. महासाथीनंतर २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तिथली नाट्यगृहे उघडली, तेव्हा सुरुवातीला ही भेटही बंद ठेवली होती. तरीही लोक नाटकांना गेले.

दुसरे टोकही मी पाहिले आहे. इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळाने भारतातून नाटक आणले की कलाकार आमच्याच घरी उतरतात. एक ज्येष्ठ नट तीन दिवस आमच्याकडे होते. पिठले-भाकरी खाल्ली, माझ्या मुलीला पत्त्यांचा एक खेळ शिकवला. प्रयोगाच्या दिवशी ते रंगमंचावर आले आणि पहिली दहा मिनिटे मला पात्र दिसेचना, आमच्या स्वयंपाकघरातला पाहुणाच दिसत राहिला. थोडे अंतर असावे, असे मला तेव्हापासून वाटते.

रंकाळ्याकाठी

आपण सगळे दाराबद्दल बोलत आहात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. १९१५ ची ती वास्तू, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. मी रस्त्यावर उभा राहून पाहत होतो. कॉलेजमध्ये असताना त्याच रंगपटाच्या दारात मी एका अभिनेत्रीची सही घेतली होती, तिकिटाच्या मागच्या बाजूला. घरी आल्यावर रात्री दोन वाजता पेटी उघडून ते तिकीट शोधले. ते सापडेपर्यंत मला बसवत नव्हते. कोणी मला सहीचा हव्यास म्हणून हिणवले तर खुशाल हिणवावे.

नेपथ्यामागे

कोल्हापूरच्या रंगमंचावर मीही खिळे ठोकले आहेत, त्यामुळे यावर मला वाद घालता येत नाही.

दार कायमचे बंद करा, हे माझे म्हणणे तेवढे सोडतो. बाकीचे सोडत नाही. कलाकारांनी रंग उतरवून, कपडे बदलून रंगमंचासमोर खाली यावे, पहिल्या रांगेपाशी दहा मिनिटे भेटावे आणि प्रेक्षकाने पायरी चढू नये. ज्याला यायचे नाही त्याच्याबद्दल ‘माज आला’ असे कोणी लिहू नये. सुबोध भावे यांनी २०१९ मध्ये मोबाइलच्या घंटांना वैतागून नाटकात काम न करण्याची भाषा केली होती, आणि तोच मोबाइल घेऊन आपण पुढे फोटोसाठी नटाच्या खांद्यावर हात टाकता. निदान विचारून टाका.

तिसरी घंटा

खिळ्याला अडकलेला पदर आणि मुलाच्या मनगटाचे टाके वाचल्यावर मला नाही म्हणता येत नाही. पहिल्या रांगेपाशी भेट, हे मान्य. पण रंग उतरवून आलेला नट म्हणजे चार माणसांसारखा एक माणूस असतो. अर्धा पुसलेला चेहरा आता कुठल्याच मुलाला दिसणार नाही, हे नुकसान आहे आणि ते मी नुकसान म्हणूनच मान्य करतो.

पहिली रांग

रविवारी त्याच नाटकाचा प्रयोग आहे. बाल्कनीतल्या मागच्या रांगेचे तिकीट काढले आहे. खिडकीपाशी शब्द कुठे तुटतात ते वहीत टिपून व्यवस्थापकांना कळवीन. त्या बाईंना भेटणार नाही असे मात्र मी म्हटलेले नाही.

माहेर सांगली

भेटा. आधी त्यांना विचारा की, मागच्या वेळी मी बोललो ते लक्षात आहे का, आणि मग त्या काय म्हणतात ते ऐकून घ्या.