डिस्क कायम १००%, जुना पेंटियम पीसी सरपटतोय : फॉरमॅट, रॅम की एसएसडी?

सुदामानगरकर (इंदूर)

घरचा असेंबल्ड डेस्कटॉप, २०१३ मधला. पेंटियम जी२०३०, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ ची एकच स्टिक, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १० (६४ बिट). वेगळं ग्राफिक कार्ड नाही. वापर म्हणाल तर टॅली, एक्सेल, मंडळाच्या स्मरणिकेचं टायपिंग, पोर्टलवरचे फॉर्म, अधूनमधून यूट्यूब.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसायला चार मिनिटं, त्यानंतरही सहा-सात मिनिटं क्लिकला दाद नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १००%, सीपीयू १५-२०%, मेमरी काहीही न उघडता ६०% च्या वर. क्रोमच्या चार-पाच टॅब झाल्या की टॅली 'नॉट रिस्पॉन्डिंग'. दुपारी आणखी मंद. यूट्यूबवर १०८०पी लावलं की चित्र अडकतं आणि आवाज पुढे निघून जातो.

बाजारात दोन ठिकाणी विचारलं. एक म्हणतो फॉरमॅट मारून देतो, दुसरा म्हणतो बोर्डच जुना, नवा सेट घ्या. नवा घ्यायचा नाहीये. पैसे बेताचे आहेत, तर आधी कशावर घालू?

बायोस_बाबा

फॉरमॅट थांबवा. डिस्क १००% आणि सीपीयू २०% म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय. त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकलं तर महिनाभर बरं वाटेल, मग ये रे माझ्या मागल्या.

आधी दोन गोष्टी बघून इथे लिहा.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करा. त्या १००% पेक्षा, त्याच्याखाली दिसणारे वेग आणि 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' हे आकडे महत्त्वाचे. १००% असून वेग ८०-१०० एमबी असेल तर एखादी मोठी फाइल कॉपी होतेय, त्यात बिघाड काही नाही. १००% असून वेग एक-दोन एमबी आणि रिस्पॉन्स शेकडो मिलिसेकंद असेल, तर डिस्क धडपडतेय. त्याच टॅबच्या तळाशी 'रिसोर्स मॉनिटर' आहे. त्यात डिस्कच्या यादीत 'पेजफाइल' (रॅम पुरली नाही की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) सतत वर दिसत असेल तर रॅम कमी पडतेय. सर्च इंडेक्सर किंवा अँटिव्हायरस वर असेल तर तो वेगळा उपाय.

दुसरं, क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर. त्यातले ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींचे 'रॉ' आकडे द्या. सुरुवातीला ते हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर दिसतात. फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दहाच्या पायावर आणा, नाहीतर १० ला दहा समजाल आणि असतील सोळा.

सुदामानगरकर

डिस्क १००%, वेग १.४ एमबी, रिस्पॉन्स ९०० मिलिसेकंदांच्या आसपास. ०५ : १६. सी५ : ८. सी६ : ०. सी७ : १४३. वर पिवळ्या रंगात 'कॉशन' लिहून येतंय.

बायोस_बाबा

मग निकाल लागला : डिस्क बदला, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेली डिस्क) घ्या. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेली, अजून निकालात न काढलेली सेक्टर (डेटा ठेवायचे बारीक कप्पे). तबकडी वाचणारं हेड अशा जागी आलं की डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघते, यात काही सेकंद जातात, आणि तोवर मागची सगळी रांग खोळंबते. तुमचा 'नॉट रिस्पॉन्डिंग' बराचसा इथूनच येतो. ०५ म्हणजे आधीच बाद करून राखीव जागेत हलवलेली सेक्टर. सी७ मात्र डिस्कचा दोष नव्हे, तो बहुतेकदा डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल बदला. तो आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे १४३ वर थांबला की पुरे.

आता डीफ्रॅग नको, चेकडिस्कचं पूर्ण स्कॅन नको. मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढाच धक्का पुरतो. आधी डेटा बाहेर काढा, तोही महत्त्वाच्या क्रमाने : टॅलीचं डेटा फोल्डर, एक्सेल आणि स्मरणिकेच्या फाइली, मग फोटो. सिनेमे राहिले तरी चालतील. टायपिंगसाठी टाकलेले मराठी फॉन्ट विसरू नका. ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात आणि नव्या विंडोजमध्ये नसले की जुनी स्मरणिका उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. टॅलीचं लायसन्स असेल तर जुनं विंडोज चालू असतानाच ते 'सरेंडर' करा, नंतर नव्यावर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट होतं.

कॉपी करताना एखाद्या फाइलवर अडकलं तर ती सोडून पुढे जा, शेवटी परत या.

जिरावण_मारके

एसएसडीला विरोध नाही, पण काही न उघडता मेमरी ६०% च्या वर आहे. ४ जीबीतली थोडी इन-बिल्ट ग्राफिक्स खाते. क्रोम उघडलं की बाकीचं पेजफाइलमध्ये, म्हणजे त्याच आजारी डिस्कवर. मी तर आधी रॅम टाकली असती. शिवाय एच६१ वर साटा ३ गिगाबिटचंच आहे, एसएसडीचा अर्धा वेग वायाच जाणार ना?

बायोस_बाबा

वाया जातो तो मोठ्या फाइलीचा वेग, आणि त्याची इथे गरजच नाही. हिशेब बघा. ७२०० आरपीएमची तबकडी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४.२. हेड सरकायला साधारण ९. एका तुकड्यामागे १३ धरले तर सेकंदाला ७५-८० तुकडे. तुकडा ४ केबीचा असला तर सेकंदाला फक्त ३०० केबी! विंडोज सुरू होताना असेच बारीक तुकडे हजारोंनी वाचले जातात, म्हणून चार मिनिटं. साधी एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशेबात करते. ३ गिगाबिटच्या पोर्टमधून प्रत्यक्षात २५० एमबीच्या पुढे मिळतं, त्याच्या जवळपासही हे काम जात नाही.

रॅमबद्दल तुमचं बरोबर आहे, फक्त क्रम उलटा. रॅम वाढवून डिस्क तीच ठेवली तर सी५ तिथेच. एसएसडी आधी, उरलेल्या पैशांत रॅम.

जिरावण_मारके

मान्य. मग रॅमचं मी सांगतो, कारण इथे फसायला खूप जागा आहे.

या बोर्डाला १.५ व्होल्टची डेस्कटॉप डीडीआर३ लागते, २४० पिनची. लॅपटॉपची २०४ पिनची आखूड स्टिक बसणार नाही. १६०० ची मिळाली तरी घ्या, या पेंटियमवर ती १३३३ वर चालेल. एच६१ ला दोनच स्लॉट असतात, तेव्हा दुसऱ्यात आणखी ४ जीबी टाकली की ८ होते आणि ड्युअल चॅनलही (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) मिळतं. त्याचा फायदा इन-बिल्ट ग्राफिक्सला होतो. ऑनलाइन काही डीडीआर३ नवलाईने स्वस्त दिसते. वर्णनात 'फक्त एएमडी' असं बारीक लिहिलेलं असतं. ती इंटेलच्या बोर्डावर चालत नाही, पीसी सुरूच होत नाही. म्हणून चालू पीसीतून काढलेली जुनी स्टिक सिल्व्हर मॉलमध्ये (इंदूरचा कॉम्प्युटरचा बाजार) समोर लावून, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) ८ जीबी दिसतंय हे पाहून घ्या. घरी आल्यावर पेनड्राइव्हवरून रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ चा एक पूर्ण फेरा होऊ द्या. एक जरी एरर आली तरी परत करा, 'एवढं चालतं' असं म्हणू देऊ नका.

लावण्याआधी प्लग काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. जुन्या स्टिकचे सोनेरी पट्टे काळवंडले असतील तर साध्या खोडरबराने पुसा. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' वाजल्या पाहिजेत.

बायोस_बाबा

आता एसएसडी. २४० किंवा २५६ जीबीची २.५ इंची साटा पुरे. तुमच्या बाबतीत क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करू नका. सी५ असलेल्या डिस्कवर क्लोनिंग मध्येच अडकतं, आणि यशस्वी झालं तरी बारा वर्षांचा कचरा सोबत येतो.

बायोसमध्ये जाऊन साटा मोड (बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते) 'एएचसीआय' आहे का बघा. पुष्कळ जुन्या असेंबल्ड पीसीत तो 'आयडीई'वर सोडलेला असतो. नवीन विंडोज टाकण्याआधीच बदला. चालू विंडोजवर तसाच बदलला तर निळा स्क्रीन येतो.

त्यानंतर जुन्या डिस्कची केबल काढा आणि फक्त एसएसडी जोडून विंडोज टाका. हे लोक हमखास विसरतात. दोन्ही जोडलेल्या असल्या तर इन्स्टॉलर कधीकधी बूटची फाइल जुन्या डिस्कवर ठेवतो. पुढे ती डिस्क काढली की पीसी चालूच होत नाही आणि दोष एसएसडीला जातो. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून इन्स्टॉलर बनवा. विंडोज अस्सल असेल आणि आवृत्ती तीच असेल (होम तर होम), तर लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असतं, इंटरनेट मिळालं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

शेवटचे १५-२०% रिकामे ठेवा. गच्च भरलेली स्वस्त एसएसडी लिहिताना दम टाकते.

दौलतगंज_ग्वाल्हेर

'दुपारी आणखी मंद' याकडे कोणी बघितलं नाही. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा, सेन्सर उघडा, मग टॅलीत मोठा रिपोर्ट किंवा यूट्यूब चालवा. जी२०३० ला टर्बो (गरजेला वेग आपोआप वाढवण्याची सोय) नाही, भार आल्यावर त्याने ३ गिगाहर्ट्झवर जाऊन तिथेच राहिलं पाहिजे. तापमान ९० च्या पुढे आणि वेग घसरतोय, 'थर्मल थ्रॉटलिंग'पुढे (तापल्यामुळे वेग कमी करणं) 'येस' : म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळलेली आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीच ३८-४० असते, कूलर तरी कशाने थंड करणार?

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर तो वेडावाकडा फिरून बेअरिंग जातं. इंटेलच्या कूलरच्या चार खुंट्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवल्या की सुटतात. परत बसवताना आधी उलट फिरवून मूळ जागी आणायच्या, मग समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, चार वेळा खट्ट ऐकू यायला हवं. एक जरी अर्धवट बसली तरी कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि नवी पेस्टही फुकट. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. थापू नका. बोर्ड उघडलाच आहे तर प्रोसेसरजवळचे कॅपेसिटर वरून फुगलेत का बघा. फुगलेले असतील तर या पीसीवर आणखी पैसा घालू नका.

यूट्यूबचा प्रश्न डिस्कचाही नाही आणि उन्हाचाही नाही. यूट्यूब हल्ली व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी आवळून पाठवतं. या पेंटियमच्या ग्राफिक्समध्ये ते उलगडायची सोय नाही, मग दोन कोरवर सगळा भार. एच.२६४ या जुन्या पद्धतीची सोय मात्र आहे. क्रोममध्ये एच.२६४ च मागवणारं एक्स्टेन्शन मिळतं, ते टाका, नाहीतर ७२०पी वर ठेवा.

सुदामानगरकर

डेटा काढायला घेतला, टॅलीचं फोल्डर पूर्ण आलं. एक राहिलं : विंडोज १० च टाकू की ११? आणि स्टार्टअपमधलं काय काय बंद करू?

बायोस_बाबा

११ ला आठव्या पिढीच्या आसपासचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) लागतं, तुमचा तिसऱ्या पिढीच्या काळातला. आडमार्गाने टाकता येतं, पण मोठ्या अपडेटच्या वेळी अडतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ईएसयूसाठी (मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना) नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर त्याचा दुवा येतो. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, म्हणून तो मार्ग तुम्हाला सुचवत नाही. फक्त ब्राउझर आणि टायपिंग असतं तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबीतही नीट चालली असती.

स्टार्टअपमध्ये प्रिंटरचे मदतनीस, टॉरेंट, मीटिंगची अ‍ॅप्स, सगळी अपडेटर बंद. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. डिफेंडर असू द्या. 'पीसी बूस्टर', 'रजिस्ट्री क्लीनर' टाकू नका, ती स्वतःच मागे चालत बसतात. व्हिज्युअल इफेक्ट्स 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवले तर अक्षरं गुळगुळीत करायची खूण मात्र परत लावा, देवनागरी फार तुटक दिसते.

दौलतगंज_ग्वाल्हेर

जुनी डिस्क 'बॅकअपला राहू दे' म्हणून परत जोडून ठेवू नका. जोडलेली असली की विंडोज तिला सारखं विचारत राहतं आणि एसएसडी असूनही एक्सप्लोरर अडकतो. बाहेरच्या डिस्कवर घेतलेल्या फाइली एकेक उघडून बघा, आणि तोवर तिला केबल न लावता कपाटात ठेवा.