आयओटीत (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या जाळ्यात) प्रत्येक उपकरणामागे एक मायक्रोसर्व्हिस, म्हणजे एकच काम करणारा छोटा स्वतंत्र प्रोग्रॅम, ठेवली की झाला एजंट, म्हणजे मालकाच्या वतीने स्वतः निर्णय घेणारा प्रोग्रॅम. वेगळं काही कशाला हवं?

कंटेनरराव:
सॉफ्टवेअर एजंट म्हटलं की १९९५ साली वूल्ड्रिज आणि जेनिंग्ज यांनी मांडलेले चार गुण सगळे घोकतात: स्वायत्तता, इतरांशी संवाद, बदलाला प्रतिसाद, स्वतःहून पुढाकार. मग १९९६ मध्ये एजंटांसाठी मानकं ठरवणारी फिपा ही संस्था आली, टेलिकॉम इटालियाने जेड हे एजंट बनवायचं जावातलं साधन काढलं. प्रबंध ढिगाने निघाले, शेतात आणि कारखान्यात मात्र ते क्वचितच दिसलं. २०१४ च्या लुईस-फाउलर लेखानंतर मायक्रोसर्व्हिस सगळीकडे रुळल्या. स्वतंत्र प्रोसेस, स्वतःचा डेटा, एक पडली तरी बाकीच्या चालू. आयओटीला आणखी काय लागतं? निरोप पोचवायला एमक्यूटीटी आणि ते लिहायला जेसन, एवढं पुरे. जेडला आता निरोप द्या.

डीपीवाला:
गावाकडच्या ऑटोस्विचवर तुमची व्याख्या लावून बघा. शेतीला थ्री-फेज लाइट ठरावीक तासच, तीही कधी रात्रीची. अपरात्री विहिरीवर कोण जाणार, म्हणून ऑटोस्विच. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी त्याच क्षणी उठतात, आणि थेट सुरू होणारी मोटार सुरुवातीला नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. फ्यूज जातो, कधी डीपीच जळते. महावितरण उगाच नाही सांगत, ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा म्हणून.

आता सांगा, हा ऑटोस्विच स्वतंत्र आहे, शेजारचा बिघडला तरी चालतो, बदलाला लगेच प्रतिसाद देतो. कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम बांधून चालवायच्या डब्यात) घाला, तुमची मायक्रोसर्व्हिस तयार. पण शेजारच्या मोटारीला ‘तू दहा मिनिटं थांब’ म्हणणारं त्यात कोण आहे?

कंटेनरराव:
त्यासाठी एजंट कशाला? एक शेड्यूलर सर्व्हिस लिहा, ती पाळ्या लावून देईल.

डीपीवाला:
म्हणजे फिरून एकच मुकादम, तोही क्लाउडवर. लाइटबरोबर टॉवर गेला की मुकादमही गेला! रीड स्मिथने १९८० मध्येच काँट्रॅक्ट नेट मांडलंय: काम जाहीर करायचं, ज्याला जमेल त्याने बोली लावायची, बरी बोली असेल त्याला काम. सर्व्हिसला विनंती गेली की ती काम करते नाहीतर एरर देते. एजंट म्हणू शकतो, ‘आत्ता थांबणार नाही, माझा कांदा पाण्यावाचून वाळतोय.’ नकार देण्याची ही मुभा डॉकरमधून (कंटेनर चालवणाऱ्या साधनातून) मिळत नाही.

सोल्डरताई:
तुम्ही दोघं हार्डवेअर विसरलात. उपकरणात बसणारी ईएसपी३२ ही चिप घ्या, तिची मेमरी (एसरॅम) ५२० केबी. त्यावर डॉकर चालवून दाखवा, मी पार्टी देते. म्हणजे ‘एजंट’ बसणार गेटवेवर, म्हणजे उपकरणांना नेटशी जोडणाऱ्या डब्यावर, आणि मोटारीशी संपर्क तुटला की शिळ्या माहितीवर निर्णय घेणार. एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर सॅटेलाइटने नजर ठेवायला जन्मलं, तुटणारी लिंक गृहीत धरूनच. लास्ट विल त्यासाठीच आहे: उपकरण अचानक तुटलं की ब्रोकर, म्हणजे निरोप वाटणारा सर्व्हर, बाकीच्यांना कळवतो. ते लावता का कोणी? आणि क्यूओएस १ वर (निरोप किमान एकदा पोचेलच, या हमीवर) एकच निरोप दोनदा येऊ शकतो. ‘मोटार चालू कर’ दोनदा आला तर बिघडत नाही. ‘आहे त्याच्या उलट कर’ असा आदेश लिहून ठेवला असेल तर बोंबला.

कंटेनरराव:
ताई, निरोपांचं मान्य, आदेश नीट लिहायचे. पण बोली लावायचा कोड सर्व्हिसच्या आत लिहायला कोणी अडवलंय? त्याला जेडच हवं असं थोडंच आहे?

बांधावरून:
बोलीची गोष्ट आमच्या शिवारात आणा एकदा. प्रत्येक एजंट आपापल्या मालकाचा. सगळेच म्हणणार, माझी गरज सगळ्यांत मोठी. ओलाव्याचा सेन्सर मातीतून उपटून उन्हात वाळत घालणारे निघतील.

डीपीवाला:
हा हा, घालतील! म्हणून बोलीला किंमत हवी. आज पाळी आधी घेतली तर उद्या शेवटी. हिशेब डीपीवरच्या सगळ्या मोटारींकडे, म्हणजे एकाचा गेटवे मेला तरी पुसला जाणार नाही. कंटेनरराव, गो भाषेत लिहा की जावात, माझं काही नाही. पण हा करार तुम्हालाच लिहावा लागेल, आणि तो लिहिलात की मग मी त्याला एजंट म्हणेन.

कंटेनरराव:
लिहितो. गोमध्ये. नाव मात्र ‘पाळी-सर्व्हिस’च ठेवणार.

सोल्डरताई:
आणि लास्ट विल?